वांग्याचा पेपर कोणी तपासला?

मंडळी, आज जरा भांडायचंच ठरवलं आहे. आणि तेही एका बाजूशी नाही, दोन्ही बाजूंशी! (म्हणजे शेवटी माझ्या बाजूला कोणी उरणार नाही, पण सत्तरी ओलांडल्यावर त्याची सवय होते.)

विषय आहे जनुकं बदललेल्या खाद्यपिकांचा. जीएम पिकं म्हणतात ती. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दोन-तीन महिन्यांतून एकदा हा विषय निघतोच. एक पक्ष म्हणतो, "हे विष आहे, कॅन्सर होतो, पुढच्या पिढ्या बरबाद होतील, दहा जणांना पाठवा." दुसरा पक्ष भाचेमंडळींचा, शिकलेला, परदेशात राहिलेला. तो म्हणतो, "मावशी, शास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध केलंय. हा सगळा अडाणीपणा आहे." मी दोघांनाही एकच विचारते, बाबांनो, तपासलं कोणी, कसं, आणि ते तपासणं तुम्ही वाचलंत का? मग गटावर फुलांचे फोटो सुरू होतात.

मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवला. जीवशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण आयुष्यभर पेपर तपासले आहेत आणि तपासलेल्या पेपरांची फेरतपासणीही पाहिली आहे. परीक्षा कशी घ्यावी, निकालावर लोकांचा विश्वास केव्हा बसतो आणि केव्हा उडतो, एवढं मला कळतं. आणि या विषयात नेमकी तिथेच गोची आहे.

उदाहरण वांग्याचंच घेऊ. मी जळगावकडची, त्यामुळे वांग्याबद्दल मी तटस्थ राहूच शकत नाही. आमच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे! भरताचं वांगं निवडून आणावं, भाजावं, सोलावं आणि आत अळीने केलेला बोगदा निघावा, हे दुःख खानदेशी बाईलाच कळेल. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी वांग्याची सर्वांत मोठी शत्रू. एकदा फळात शिरली की वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. म्हणून ती शिरण्याआधीच मारायची, आणि त्यासाठी शेतकरी फवारणीवर फवारणी करत राहतो.

जालन्याच्या महिको कंपनीने यावर बीटी वांगं काढलं. मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूतलं जनुक वांग्याच्या झाडात बसवलं. मग झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाल्लं की अळी मरते. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथे ते प्रथिन जागं होतं आणि आतड्याच्या भिंतीवर ठराविक ठिकाणी चिकटतं. माणसाचं जठर आम्लाचं, आणि त्या चिकटण्याच्या जागाही आपल्या आतड्यात नाहीत. म्हणून अळीला मारणारं ते माणसाला मारेलच असं नाही. याच जिवाणूची पावडर सेंद्रिय शेती करणारेही फवारतात. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, आणि "जे अळीला मारतं ते आपल्याला सोडेल का?" असं विचारणाऱ्यांना माझं हे पहिलं उत्तर.

पण "माणसाला मारेलच असं नाही" आणि "सुरक्षित आहे" यांच्यामध्ये परीक्षा असते. ती कशी घेतात? आधी नवं वांगं आणि जुनं वांगं शेजारी ठेवून तुलना करायची. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार, आणि वांग्यात मुळातच असणारी थोडी विषारी द्रव्यं तेवढीच आहेत का ते बघायचं. मग नव्या प्रथिनाची रचना माहितीतल्या ॲलर्जी करणाऱ्या प्रथिनांशी जुळते का, कृत्रिम जठररसात ते पटकन विरघळतं का, हे तपासायचं. मग उंदरांना ९० दिवस खाऊ घालून त्यांचं रक्त, वजन, यकृत, मूत्रपिंडं पाहायची. बीटी वांग्याच्या बाबतीत ससे, शेळ्या, कोंबड्या, मासे आणि दुभत्या गाईंनाही ते खाऊ घातलं होतं. माशांचा प्रयोग तर मुंबईच्या मत्स्य शिक्षण संस्थेत झाला.

ही परीक्षा निव्वळ नाटक आहे असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ऐकाव्यात. अमेरिकेत एका बियाणे कंपनीने सोयाबीनचा कस वाढवायला त्यात ब्राझील नटचं जनुक घातलं. तपासणीत दिसलं की ब्राझील नटची ॲलर्जी असणाऱ्यांच्या रक्ताला हे सोयाबीनही बाधतं. १९९६ साली ते प्रसिद्ध झालं आणि ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथल्या सरकारी संस्थेने कीड न लागणारा वाटाणा बनवला होता. २००५ साली उंदरांच्या फुप्फुसांना सूज येते असं दिसलं आणि कित्येक वर्षांचं काम गुंडाळून ठेवलं. म्हणजे परीक्षा नीट घेतली तर नापास होणारे सापडतात.

आणि "पारंपरिक ते सगळं सुरक्षित" म्हणणाऱ्यांसाठी तिसरी गोष्ट. अमेरिकेत १९६७ साली लेनापे नावाचा बटाटा आला. जनुकबदल वगैरे काही नाही, नेहमीच्या पद्धतीने संकर करून काढलेला. चिप्स छान व्हायच्या. पण त्यात सोलॅनिन हे विष फार निघालं आणि १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्या विदर्भातली लाखोळी डाळ तर शंभर टक्के देशी! तिच्या अति खाण्याने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. तेव्हा निसर्गाने दिलं म्हणून पास आणि प्रयोगशाळेने दिलं म्हणून नापास, हा काही निकाल लावण्याचा नियम नव्हे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. भाचेमंडळींनो, जरा सरसावून बसा.

वर सांगितलेली बीटी वांग्याची परीक्षा घेतली कोणी? काही प्रयोग सरकारी संस्थांत झाले, काही खाजगी प्रयोगशाळेत. पण खर्च कंपनीचा, बियाणं कंपनीचं, आणि सगळे निकाल एकत्र बांधून सरकारच्या समितीपुढे ठेवले तेही कंपनीने. म्हणजे परीक्षार्थीनेच पर्यवेक्षक नेमावा, त्याचा चहापाणी भत्ता द्यावा, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा स्वतः बोर्डात नेऊन द्यावा! पेपर अगदी प्रामाणिकपणे लिहिला असेलही. मी चोरीचा आरोप करतच नाही. पण दहावीच्या परीक्षेत आपण असं चालवून घेऊ का? तिथे उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचीही परवानगी नसते. ती व्यवस्था मुलं चोर आहेत म्हणून नसते. निकालाबद्दल नंतर कोणी शंका घेऊ नये म्हणून असते.

बरं, ही उत्तरपत्रिका लोकांना दाखवा म्हटलं तर काय झालं? माहिती आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे २००८ मध्ये बीटी वांग्याची कागदपत्रं उघड झाली. आपण काय खाणार याची माहिती म्हणे व्यापारी गुपित! उघड झाल्यावर परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी त्यातले आकडे घेऊन शंका काढल्या, आपल्या तज्ज्ञ समितीने त्यांना उत्तरं दिली. कोणाचं बरोबर हा वाद राहू द्या. पण पेपर उघडा झाल्यावर जो खडाखडी वाद झाला तोच खरा तपास. तो आधीच व्हायला हवा होता.

१४ ऑक्टोबर २००९ ला सरकारी समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या. त्यात आपलं नागपूरही होतं. आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली. दीर्घकाळात आरोग्यावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो याचा स्वतंत्र अभ्यास होऊन जनतेचं आणि तज्ज्ञांचं समाधान होईपर्यंत थांबायचं, असा त्याचा आशय होता. विकसकानेच चाचण्या केल्याने शंका येणं रास्त आहे, हेही त्यांनी नोंदवलं. तो निर्णय मला तेव्हा पटला होता, आजही पटतो.

मग माझं भांडण कशाशी? त्यानंतर जे झालं नाही त्याच्याशी!

स्थगिती म्हणजे परीक्षा पुढे ढकलणं. पुढे ढकललेल्या परीक्षेची नवी तारीख जाहीर करावी लागते. इथे तारीखच नव्हती. नव्या चाचण्या काय असाव्यात हे ठरवायचं होतं, त्या स्वतंत्र प्रयोगशाळेत व्हायच्या होत्या. पंधरा वर्षं उलटून गेली. ज्या वांग्याला थांबवलं ते आजही त्याच बाकावर बसून आहे, पासही नाही आणि नापासही नाही. विरोधकांना वाटलं आपण जिंकलो, त्यांनी फटाके वाजवले. सरकारांना वाटलं बला टळली. कंपनीने दुसरीकडचा रस्ता धरला. २०१३ मध्ये बांगलादेशाने तेच जनुक घातलेल्या वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ च्या जानेवारीत २० शेतकऱ्यांना रोपं वाटली. नंतरच्या पाहणीत तिथल्या फवारण्या आणि त्यांचा खर्च कमी झाल्याचं दिसलं. उलट फिलिपाइन्समध्ये मिळालेली परवानगी २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द केली. शेजारी खातात, दुसरे थांबवतात, आणि आपण? आपण विसरून गेलो.

विज्ञानाच्या नावाने बोलणाऱ्यांनीही या काळात काही उजेड पाडला नाही. २०१० मध्ये देशातल्या सहा नामवंत विज्ञान अकादमींनी मिळून जीएम पिकांवर अहवाल दिला. त्यात जीएमच्या बाजूने आधीच छापून आलेल्या लेखातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला निघाला! सुधारून परत द्यावा लागला. माझ्या वर्गात कॉपी सापडली असती तर मी त्या पोराला उभं केलं असतं. हे देशाचे मुकुटमणी. यानंतर सामान्य माणसाला "अडाणी" म्हणायचा हक्क कोणाला उरतो?

पण थांबा, विरोधकांच्या वहीतही लाल शेरे आहेत. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांनी मोठाल्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो प्रसिद्ध केले. जीएम मका खाऊन झालेल्या गाठी म्हणून ते फोटो आजही आमच्या गटावर येतात. एकेका गटात नर-मादी मिळून उंदीर अवघे २०, म्हणजे नर दहा आणि मादी दहाच, आणि उंदीर अशा जातीचे की दोन वर्षांचे झाले की काहीही खाल्लं तरी त्यांना गाठी पुष्कळ येतात. २०१३ मध्ये त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापून आला हे खरं, पण त्याने उंदरांची संख्या वाढली नाही! फोटो पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी हे वाचलं आहे का? उलट बाजूला, २०१६ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने ९०० च्या वर अभ्यास चाळले, आणि बाजारात असलेल्या जीएम अन्नाने माणसाच्या आरोग्याला वेगळा धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही असं सांगितलं. हे मान्य करायला विरोधकांच्या जिवावर येतं.

मात्र त्याच अहवालाचा एक मुद्दा भाचेमंडळी सोयीस्करपणे गाळतात. पीक कोणत्या पद्धतीने बनवलं यापेक्षा त्यात नवं काय आलं आहे ते बघा आणि त्याप्रमाणे तपासा, असं तो सांगतो. म्हणजे अमेरिकेचा मका पास झाला म्हणून आपलं वांगं आपोआप पास होत नाही. थोरल्या भावाच्या गुणपत्रिकेवर धाकट्याला वरच्या वर्गात बसवत नाहीत.

आता मोहरीचंच बघा. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांनी जीएम मोहरी बनवली. कंपनी नव्हे, सार्वजनिक पैसा. म्हणून मला वाटलं होतं की इथे तरी सगळं उघडं असेल. पण २०१६ मध्ये माहिती आयोगाने आदेश दिल्यावर सारांश संकेतस्थळावर आला आणि संपूर्ण कागदपत्रं पाहायची तर दिल्लीला मंत्रालयात जा! जळगावच्या बाईने मोहरीसाठी दिल्ली गाठायची? तेलात प्रथिन जवळजवळ उतरत नाही म्हणून फार काळजी नाही, असं सांगतात. ठीक आहे. पण आपण तर मोहरी अख्खी फोडणीत टाकतो आणि लोणच्यात डाळ घालतो. शिवाय त्या मोहरीत एका तणनाशकाला दाद न देणारं जनुकही आहे. उद्या शेतकऱ्याने ते तणनाशक फवारलं तर त्याचा अंश किती राहील, हाही अन्नाचाच प्रश्न. २०२२ मध्ये समितीने हिरवा कंदील दिला. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवं यावर मात्र दोघेही एक होते.

आणि आपण परीक्षेचा घोळ घालत बसलो म्हणून जग थांबतं का? २०१९ मध्ये हरियाणात बेकायदा बीटी वांगं शेतात सापडलं, ते उपटावं लागलं. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेली तणनाशकरोधक कपाशी जाहीरपणे पेरली. कायदा मोडला म्हणून त्यांच्यावर डोळे वटारणं सोपं आहे. पण ज्याने फवारणीचा पंप पाठीला बांधला आहे त्याने पंधरा-पंधरा वर्षं कोणाच्या तोंडाकडे बघायचं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. (आणि ती कपाशी बीटीच होती, तेव्हा बीटी आलं की फवारणी संपते असंही कोणी मला सांगू नये.) कोणतीच चाचणी न झालेलं चोरबियाणं हे सगळ्यात धोक्याचं, आणि लांबलेल्या परीक्षेने त्यालाच दार उघडं राहतं.

तसंही "आपण जीएम खात नाही" हा भ्रमच आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या सरकीचं तेल खाद्यतेलांत जातं, सरकीची पेंड म्हशी खातात. अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन तेल येतं, ते बहुतांश जीएम सोयाबीनचंच. शुद्ध केलेल्या तेलात भीतीसारखं फार काही उरत नाही हे मलाही माहीत आहे. माझा राग वेगळा आहे. हे तुम्ही मला सांगितलंत का? "इतकी वर्षं खाताय, कोणाला काही झालं का?" असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, कोणी खाल्लं आणि कोणी नाही याची नोंद कुठे आहे? हजेरीपटच नाही आणि म्हणे सगळी मुलं हजर!

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे:

१. चाचण्यांचा खर्च कंपनीनेच द्यावा, पण तो सरकारी निधीत जमा व्हावा. प्रयोगशाळा समितीने निवडावी, कंपनीने नाही.

२. चाचण्या कोणत्या, किती दिवस, किती जनावरांवर, आणि काय दिसलं तर नापास, हे आधी छापून टाकावं. उत्तर पाहून प्रश्न बदलायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी!

३. सगळे मूळ आकडे संकेतस्थळावर, आणि सोप्या भाषेतला सारांश मराठीसह सगळ्या भाषांत.

४. निकालाला मुदत असावी. पास की नापास ते सांगा. नापास असेल तर का, तेही सांगा.

५. पास झालेल्यावर ठळक लेबल, आणि पुढे काही वर्षं नोंदी.

६. वांगं मूळचं आपल्याकडचं, त्याच्या शेकडो देशी जाती आहेत. शेजारच्या शेतातलं परागण होऊन त्या बिघडतात का, हेही त्याच परीक्षेत बघावं. आमचं भरताचं वांगं गेलं तर ते प्रयोगशाळेत परत मिळणार नाही.

यातली एकही गोष्ट जीएमच्या विरोधात नाही आणि एकही बाजूने नाही. हे बीटी वांगं नीट परीक्षा देऊन पास झालं तर मी आनंदाने त्याचं भरीत करीन, कळण्याच्या भाकरीबरोबर खाईन, आणि फोटो गटावर टाकीन. नापास झालं तर कंपनीने गुपचूप घरी जावं.

आता २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताच्या दोन जाती सरकारने जाहीर केल्या आहेत. त्यात बाहेरचं जनुक नाही म्हणून अशा पिकांना २०२२ मध्येच मोठ्या चाळणीतून सूट दिली होती. धोका कमी असेलही. पण भात म्हणजे आपलं रोजचं ताट. तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांनी फोटो पाठवण्याऐवजी चाचणीचे कागद मागावेत, आणि ज्यांना भीती वाटत नाही त्यांनीही तेच कागद मागावेत. माझ्या गटावरच्या दोन्ही पक्षांना मी हा लेख पाठवते आहे. फुलांचे फोटो पाठवू नका, वाचून उत्तर द्या!